गल्लीतला दिवा आणि माझा धूमकेतू

२ जानेवारी

वर्ष आखून झालं! भिंतीवरच्या कॅलेंडरवर, हिरव्या शाईनं. मार्चात चंद्रग्रहण, ऑगस्टमध्ये उल्का, डिसेंबरात परत उल्का. एप्रिलसमोर नुसतं प्रश्नचिन्ह — तो धूमकेतू. उजळला तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल, आणि एकदा गेला की आपल्या हयातीत परत यायचा नाही. बाकीचं चुकलं तर पुढच्या वर्षी आहेच. हा चुकायला नको.

आईनं विचारलं, मग दुधाचे खाडे मी कुठे मांडू? बाबांनी बसल्या जागी निकाल दिला — दूध पेन्सिलीनं, आकाश शाईनं.

४ मार्च

काल ग्रहण झकास दिसलं. बाबा बसची फेरी संपवून गणवेशातच गच्चीवर आले. चंद्र तांबूस होत गेला तसे कठड्याला टेकून बघत राहिले. मग म्हणाले, इतकी वर्षं समोर बघून गाडी चालवली, वर बघायचं राहूनच गेलं.

११ एप्रिल

गल्लीत दिवा आला. पांढराशुभ्र, झगझगीत. आमच्या गच्चीच्या पश्चिमेच्या कोपऱ्याला अगदी खेटून.

अर्ज माझाच. घरातली पहिली पदवीधर म्हणून सगळ्या गल्लीचे अर्ज माझ्याकडे येतात. हा मात्र मी आपणहून लिहिला होता. गेल्या वर्षी आई कारखान्यातून दुसरी पाळी संपवून येताना उघड्या गटारात पाय जाऊन पडली, मनगट मोडलं, तेव्हा. कोणत्या खांबावर हवा, असं नगरपालिकेनं विचारलं. मी लिहिलं — जिथे सर्वांत जास्त काळोख आहे तिथे. ती जागा मला बरोबर ठाऊक होती. तारे तिथूनच तर बघते!

समोरचे शिंपीकाका मुद्दाम येऊन शाबासकी देऊन गेले. मी हसले. दुसरं काय करणार?

१४ एप्रिल

धूमकेतू उजळला! सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला, अगदी खाली. म्हणजे बरोबर दिव्याच्या मागे. हाताचा आडोसा केला, छत्री आडवी धरली, गल्लीत दुसरीकडून बघावं तर घरं आडवी येतात. काही नाही. बाबा खालून म्हणाले, "पाऊस वरून पडतो गं, समोरून नाही."

आणखी चार-पाच दिवस दिसेल म्हणतात.

१६ एप्रिल

वायरमनला गाठलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, दिवा तुमच्यामुळेच आलाय. उद्या फ्यूज काढून ठेवतो. कोणाला कळतंय?" मी हो म्हणून बसले.

आई परत आली तेव्हा गच्चीतच होते. पूर्वी भिंत चाचपत यायची. आज गल्लीच्या मधोमध चालत होती — मैत्रिणीशी बोलत, हात हलवत.

१७ एप्रिल

वायरमनला नको म्हणून सांगितलं. दिवसभर चिडचिड झाली, पण स्वतःवर नाही. तेवढं बरं.

डबा भरता भरता आईला सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, समजूत घालेल. तिनं एवढंच विचारलं, "तो नक्की असतो कुठे?" मी दाखवलं — सूर्य बुडतो तिथून जरा उजवीकडे, हात लांब करून मूठ धरायची, तिच्या वर. तिनंही हात लांब करून मूठ धरून बघितली, आणि पाळीला उशीर होतोय म्हणून निघाली.

१८ एप्रिल

संध्याकाळी आईचा फोन. ती कामावरून कधी फोन करत नाही — घाबरतच उचलला. चहाच्या सुट्टीत शिलाई विभागातल्या सगळ्या जणी कारखान्याच्या गच्चीवर गेल्या होत्या. "अगं, दिसतोय की! शेपूट वर करून उभा आहे. वॉचमनला सांगून ठेवलंय, उद्या याच वेळेला ये."

आईच्या कारखान्यात मी आजवर एकदाही गेलेली नाही.