मागच्या गल्लीतलं बिल

११ फेब्रुवारी

पुन्हा तारेला! गोपिकाला लाख वेळा सांगून झालं — लाईटचं बिल आलं की टेबलावर ठेव. पण नाही. बिल आलं की भिंतीवरच्या तारेत खुपसायचं, ही तिच्या माहेरची रीत. या वेळी तार नेमकी बार कोडच्या मधोमध घातली. शालिकरामनं किराण्याच्या काउंटरवर ते लाल दिव्याचं यंत्र चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. वाजेचना. मागे एक बाई तेलाची पिशवी घेऊन उसासे टाकत उभी. शेवटी शालिकराम म्हणाला, "वाचा गा भाऊ नंबर, हातानं टाकतो."

भलामोठा नंबर! आणि चष्मा राहिला गांधीबागेत, माझ्या शेटच्या कापड दुकानात. डोळे बारीक करून वाचला.

"धोंडबा कोन?" त्यानं पडद्यावर पाहून विचारलं.

म्हटलं, "असंन घराचा जुना मालक. टाक." आमच्या नंदनवन वस्तीत निम्म्या घरांची बिलं अजून जुन्या मालकांच्याच नावानं येतात. बदलायला कोण जातं!

बिलही कमी निघालं. खुशीत घरी आलो. तरी तारेवरून गोपिकाला ऐकवायचं ते ऐकवलंच.

१२ मार्च

बिल भरलं. आता कोडही लागत नाही. शालिकरामनं तो नंबर माझ्या मोबाईलच्या नावाखाली साठवून ठेवलाय. "सेव हाय भाऊ, कागद कायले आणता!"

पुन्हा कमी. गोपिका म्हणते, फ्रीज तोच, पंखे तेच, मग कमी कसं? म्हटलं, मी घरात दिवे विझवत फिरतो ते तुला दिसत नाही. बिल वाचायचा मला कंटाळा. यंत्र वाचतं ना!

९ एप्रिल

भरलं. ऊन पेटलंय. कुलर काढला, त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदलायला झाल्या आहेत.

२१ एप्रिल

आज लाज गेली. दुपारी गोपिकाचा दुकानात फोन — लाईट कापायला माणूस आलाय! शेटला कसंबसं सांगून निघालो. त्या माणसासमोर शालिकरामच्या तिन्ही पावत्या आपटल्या. त्यानं एकीवर नजर टाकली आणि म्हणाला, "साहेब, हा नंबर तुमचा नाही. मागच्या गल्लीतला मीटर हाय हा."

एका सातचा मी एक वाचला होता. एवढंच. आणि सूचनांचे मेसेज गेले असणार आमच्या घराच्या जुन्या मालकाच्या मोबाईलवर, तो कुठे आहे देव जाणे. थकलेलं सगळं दंडासकट भरलं.

तीन महिने लोकाचं बिल भरलं, आणि कमी आलं म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते! शालिकरामवर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "नंबर तं तुम्हीच वाचला ना गा." खरं आहे. गोपिका आधी हसली, मग माझं तोंड पाहून चहा टाकायला गेली.

२३ एप्रिल

मागच्या गल्लीत गेलो होतो. पैसे मागायला. वाटेत चार वाक्यं पाठ केली होती.

शालिकरामच्या पडद्यावर नाव आलेला तो धोंडबा कधीचाच वारलेला. त्याची बायको इंदूबाई एकटीच असते. टिनाची एक खोली, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांपुढे मोगऱ्याची ताजी फुलं. पंखा हळू फिरत होता. मी "तुमचं लाईटचं बिल —" एवढंच बोललो, आणि बाईचा चेहराच उजळला!

"प्रीतमनं धाडलं का तुमाले? कसा हाय तो? जेवते का?"

प्रीतम म्हणजे मुलगा. दिवाळीच्या सुमारास काम सुटलं, घरी बसला. एक दिवस ही त्याला बोलली, "एक लाईटचं बिल तरी भर, मंग तोंड दाखव!" तो त्याच पावली निघून गेला. मोबाईल बंद. फेब्रुवारीत ही बिल भरायला गेली, तर वीज ऑफिसच्या काउंटरवरचा म्हणाला, आजी, भरलेलं आहे. मार्चात तेच. एप्रिलात तेच.

"दुसरं कोन भरंन? माहाच पोरगा भरून राहिला. रागात हाय, पन भरून राहिला."

मी पाणी प्यालो. म्हटलं, नाही हो बाई, मी सहजच आलो, इकडे मीटर नीट चालतात का ते विचारायला. निघालो. पाठ केलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही.

२४ एप्रिल

सांगायला हवं होतं. पण कसं सांगायचं? बाई, तो तुमचा मुलगा नाही, मी आहे, चष्मा विसरलेला?

२ मे

शेवटी गोपिकाला इंदूबाईचं सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "राहू द्या. तिच्या जिवाले तेवढाच आधार हाय. सांगून काय भेटते?"

मलाही तेच हवं होतं. कुणीतरी म्हणावं की राहू द्या.

८ मे

शालिकरामकडे गेलो. आमच्या बिलाचा कोड या वेळी धड होता, यंत्र टुणकन वाजलं. "तो जुना नंबर काढून टाकू का भाऊ?" त्यानं विचारलं. म्हटलं, नको. तोही भर. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावत्या काढून दिल्या.

परत येताना फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्याचीच आता चीड येते.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. इंदूबाईनं खिरीला बोलावलं होतं. सहज मीटरची चौकशी करणारा सज्जन माणूस मी! गोपिका आली नाही. म्हणाली, मला तिच्याकडे पाहवणार नाही.

तिची मुलगी भावना सासरहून, खाप्याहून आली होती, दोन लेकरं घेऊन. वाटीत खीर वाढता वाढता म्हणाली, "मी तं पोलिसात तक्रार टाकली होती काका. त्याचे दोस्त, ठेकेदार, सगळ्याईले इचारत फिरत होती. पन आईनं मार्चात बंद कराले लावलं. म्हणे, तो नागपुरातच हाय, बिल भरून राहिला, त्याच्या मागं पोलीस कायले लावतं वं?"

इंदूबाई हसत होती. "येईन तो. राग उतरला की येईन."

मी वाटी खाली ठेवली. म्हणजे मी नुसता आधार देत नव्हतो. माझ्यामुळे त्या पोराचा शोध बंद पडला होता. तो कुठे पडलाय, खातोय की नाही, जिवंत तरी आहे का — कुणी पाहतच नाही! आणि तिथेही मी बोललो नाही. "खीर छान झाली" म्हणालो आणि उठलो. भित्रा माणूस. दुसरा शब्द नाही.

१३ मे

कामावर गेलो नाही. अंगात कणकण आहे असं शेटला कळवलं. खोटं.

१४ मे

सांगितलं.

इंदूबाई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तारेचं भोक पडलेलं बिल सोबत नेलं होतं, तेच दाखवून सगळं सांगितलं. चष्मा, सात, एक, सगळं. ती ऐकत राहिली. हात थांबला नाही, नुसता हळू झाला.

"फेब्रुवारी तुमी?"

"हो."

"मार्च?"

"हो. एप्रिल पण. आणि मे."

तिनं सूप खाली ठेवलं. "मे कायचा? मे मंदी तं तुमाले माहीत होतं."

मी बिलाची घडी घालू लागलो.

"मंग काहून भरलं गा?"

म्हटलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. माझंच मला ते किती हलकं वाटलं!

"मले भीक नाई पायजे होती," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "मले पोरगा पायजे होता. मी इथं पंख्याखाली निजून राहिली, म्हटलं त्याच्या कमाईची हवा हाय. आन् तो कोठं उन्हात पडला असंन..." तिनं उठून मोबाईलवर भावनाचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "तुमीच सांगा तिले."

सांगितलं. मग भावना एवढंच म्हणाली, "दोन महिने काका. दोन महिने मी घरी बसून राहिली." फोन ठेवला.

निघताना इंदूबाईनं जयभीम घातला नाही, बसा म्हणालीही नाही. पंखा बंद करून दाराशी उभी राहिली.

१९ मे

भावना रोज नागपूरला येते आहे. आज शालिकरामच्या दुकानासमोर दिसली, प्रीतमचा फोटो सगळ्यांना दाखवत. मीही एक प्रत मागितली. तिनं दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. गांधीबागेत हमालांना, रिक्षावाल्यांना, चहाच्या टपऱ्यांवर दाखवत फिरलो. बारीक चेहऱ्याचा मुलगा, कपाळावर केस आलेले. कुणी पाहिलेला नाही.

२८ मे

काही नाही. उन्हानं डोकं फिरतंय. गोपिका म्हणते जेवत जा. रात्रीची पोळी तशीच उरते.

८ जून

भावनाचा फोन. प्रीतमचा माग लागला. नागपूरबाहेर बुटीबोरीला एका गोदामात माल चढवायला होता, जानेवारीपासून. तिथला त्याच्या जोडीचा हमाल भेटला तिला. त्यानं सांगितलं — आईच्या जुन्या बिलाचा फोटो प्रीतमच्या मोबाईलमध्ये होता, सिम तेवढं बदललेलं. फेब्रुवारीच्या मध्यात हातात पगार पडल्याबरोबर तो जवळच्या दुकानात गेला, फोटोतला कोड यंत्रासमोर धरला. दुकानदार म्हणाला, भरलेलं आहे. मार्चात गेला. भरलेलं. एप्रिलात पुन्हा तेच ऐकून परत आला तेव्हा जेवला नाही. म्हणाला, "घरचं कोनीतरी पाहून राहिलं. माही काई गरज नाई तिथं." दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेला. कुठे गेला, ते त्या हमालाला माहीत नाही.