घरघंटीतला काळा रेझिस्टर

५ ऑक्टोबर, रविवार
ऐन दिवाळीच्या तोंडावर बायकोची, म्हणजे पूर्णिमाची, घरघंटी बंद. अर्ध्या कसबा बावड्याची चकलीची भाजणी ती दळून देते. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नाही, सगळीकडे लोकांचे डबे. ती कंपनीच्या माणसाला फोन लावत होती. मी थांबवलं. हे लोक एक स्क्रू फिरवतात आणि उपकार केल्यासारखं बघतात. कागल एमआयडीसीत मी स्टोअर सुपरवायझर आहे. माझ्या सहीशिवाय तिथे नटसुद्धा हलत नाही.

संध्याकाळी
मागचं झाकण उघडलं. कसलंसं सील होतं, फाडलं. सर्किट बोर्डवर एक रेझिस्टर जळून कोळसा. निदान झालं. डॉक्टर याचीच फी घेतात.

७ ऑक्टोबर
नवा रेझिस्टर किती ओहमचा आणायचा, हे जुन्याच्या रंगीत पट्ट्यांवरून कळतं. मोबाईलवर वाचलं. शाळकरी विषय. पूर्णिमाला भिंग देऊन रंग विचारले. म्हणाली, सगळंच काळं हाय की. साडीच्या दुकानात हिला पन्नास रंग दिसतात. मी स्वतः पाहिलं. काळेच होते.

कोपऱ्यावरच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या वसीमकडे गेलो. बोर्ड घेऊन या, आधी जळला कशानं ते बघू, म्हणाला. गिऱ्हाईक अडकवायची युक्ती. त्याच्याकडून सोल्डरिंग गन तेवढी मागून आणली.

८ ऑक्टोबर
अंघोळ करताना सुचलं. कलर कोडमध्ये काळा म्हणजे शून्य. सगळे पट्टे काळे, म्हणजे रेझिस्टर शून्य ओहमचा. म्हणजे असून नसून सारखाच! कंपनीने उगाच जागा अडवलेली. तिथे तारेचा तुकडा जोडणार.

पहिला डाग बोर्डाला दिला, दुसरा माझ्या बोटाला बसला. वसीमची गन भिकार आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
बोट बरं झालं. तार जोडली, बटण दाबलं. धाडकन आवाज, घरभर अंधार, बोर्डाला भोक. भाजणी न्यायला आलेल्या शेजारच्या बनाबाई डबा टाकून पळाल्या. धीर नाही लोकांना. करंट बोर्डापर्यंत पोचला, हे कुणी बघतच नाही. पूर्णिमाने मोबाईल उचलला. कंपनीला फोन लावला.

१४ ऑक्टोबर
कंपनीचा माणूस आला. शर्ट बाहेर, पायात स्लीपर. फाटलेलं सील पाहिलं, तार पाहिली. मला एक प्रश्न विचारला नाही. पूर्णिमाला म्हणाला, "वैनी, वॉरंटी हुती की. कुणीतरी आत हात घातलाय, आता न्हाय मिळायची."
कुणीतरी म्हणे.
तो गेल्यावर पूर्णिमा माझ्याकडे वळली. "लोकांस्नी मी शब्द दिलाय. उद्या समदं डबं तुमी गिरणीवर नेऊन दळून आणायचं."

१५ ऑक्टोबर, दुपारी
रजा टाकली. स्कूटरला डबे बांधून गिरणीवर. रांगेत सगळ्या बायका आणि मी. गिरणीवाला म्हणाला, पावणं, डबं ठेवा आन् बाजूला हुबा ऱ्हावा. त्याच्या मोटरचा पट्टा सैल आहे, मी आवाजावरून ओळखलं. सांगणार होतो. पण तिथं तोंड उघडायचं न्हाय, असं पूर्णिमानं निघतानाच बजावलेलं.

तसंही पीठ फार उडत होतं. म्हणून तोंड बंद ठेवलं.