एक्केचाळीस नंबरची गोष्ट

दि. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा निकाल पोचला. फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण जुंपतं, म्हणून कागद घेतला. मासिकाच्या कथास्पर्धेत परीक्षक म्हणून तू एक्केचाळीस नंबरला पहिलं बक्षीस दिलंस. बाबा रे, तू ती गोष्ट नीट वाचलीस का? की वर्गात पोरांचे पेपर तपासतोस तशी?

मी काल कचेरीत वाचली आणि दार लावून पुन्हा वाचली. एक मुलगी अंथरुणाला खिळलेल्या बापाचं करते. बापाची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. दाढी करताना ती त्याचं तोंड खिडकीकडे वळवते, आणि उजव्या गालावर आधी बोट फिरवून बघते, कारण तिथे कापलं तरी त्याला कळत नाही. कान तुटलेला कप आहे. भिंतीला लावलेली खाट आहे. आणि हे वाक्य आहे: 'त्यांचा श्वास ऐकू आला नाही, की आधी मला सुटल्यासारखं वाटतं आणि मग मी पळत जाते.' शेवटी ती बॅग भरून निघून जाते. परत येते की नाही, लिहिलेलं नाही.

आता सांग, हे घर कुणाचं? आपल्या मधलीशिवाय हे कोण लिहिणार? अण्णांची दाढी आणखी कोण करतं?

नियम तुला ठाऊकच आहेत, अण्णांनीच मासिक काढलं तेव्हा घातलेले. आलेली प्रत्येक गोष्ट कचेरीत पुन्हा टाइप होते, अक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून. नावं फक्त व्यवस्थापक काकांना माहीत. ती वार्षिक संमेलनात, मंचावरच कळतात, संपादक म्हणून मलासुद्धा. संपादकाच्या घरच्यांनी भाग घ्यायचा नाही. आणि पहिली आलेली गोष्ट लेखकानं स्वतः वाचून दाखवायची. यंदा मासिकाचं पन्नासावं वर्ष, अण्णा पहिल्या रांगेत असणार. भरल्या सभागृहात त्यांची लेक त्यांच्यासमोर ते वाक्य वाचणार! लोक भावाबहिणीनं मिळून बहिणीला बक्षीस दिलं म्हणतील ते वेगळंच.

काकांना नाव विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि चहा मागवला. बस्स. तूच काहीतरी कर.

तुझी,
ताई

दि. ९ फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पेपर तपासण्याचा टोमणा पोचला. तुझ्या संपादकीयापेक्षा बरा होता.

गोष्ट मी दोनदा वाचली होती. आवडली म्हणूनच पहिली ठरवली. पण घर ओळखलं नाही, आणि तुझं पत्र आल्यापासून तेच मला खातंय. कसं ओळखणार? अण्णांची दाढी होताना मी कधी पाहिलेलीच नाही. मी येतो तेव्हा ते गुळगुळीत दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसलेले असतात. आपल्याला वाटतं, ते तसेच उठतात.

आणि ताई, त्या बापाला आणखी दोन पोरं आहेत हे तू पत्रात सोयीस्कर गाळलंस. ती फळं घेऊन येतात, घड्याळ बघतात, आणि जाताना बहिणीला म्हणतात की तू आहेस म्हणून बरं आहे. शेवटी ती निघून गेल्यावर ही दोघं हातात वस्तरा धरून उभी राहतात आणि सुरुवात कुठल्या गालापासून करायची ते त्यांना कळत नाही. वाचताना मी हसलो होतो. आता हसू येत नाही.

माझा निकाल मी बदलणार नाही. पण अण्णांच्या काळजाचं काय, हे मलाही सुचत नाही. तू त्याच गावात आहेस. जाऊन तिला सरळ विचार.

तुझा,
धाकटा

दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेले होते. होय, फळं घेऊनच गेले, आता हास.

मधली अण्णांची चादर बदलत होती. मी आडून आडून विचारलं, हल्ली काही लिहितेस का. ती म्हणाली, धोब्याची यादी लिहिते. मग म्हणाली, लिहिणं सोड, घरात विचार करायची सोय राहिलेली नाही. व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांनी अण्णांच्या डाव्या हाताला काम म्हणून जुना टाइपरायटर माळ्यावरून काढायला लावला. दुपारभर एका बोटानं टकटक, टकटक. ही कानात कापूस घालून भाजी चिरते. कागद बघायला गेलं की अण्णा हातानं झाकतात. बाई म्हणतात, बघू नका, लहान मूल गिरवतं तसंच समजा.

मला तिच्या बोलण्यावर विश्वास बसला नाही. कधी नव्हे ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. कोपऱ्यात बॅग होती, धूळ पुसलेली. मी विचारलं तर म्हणाली, कपाटावरून पडली. धाकट्या, ती जाणार आहे रे. गोष्टीतल्यासारखीच जाणार आहे. मी मासिक बघू की अण्णांना?

अण्णांना संमेलनाला न्यायला नको, दगदग होईल, असं मी म्हटलं मात्र, त्यांनी डाव्या हातानं खाटेवर असा दणका दिला की कप खाली पडून फुटला. तोच, कान तुटलेला. मधली तुकडे उचलताना रडली. कपासाठी कुणी रडतं का?

दुसऱ्या क्रमांकाची गोष्टही चांगली आहे. तू मला दोन ओळींचं पत्र दे, निकालात चूक झाली म्हणून. बाकी मी निस्तरते. पाया पडते तुझ्या.

ताई

दि. २० फेब्रुवारी

सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

थोरल्या बहिणीनं पाया पडू नये, मला पाप लागतं. पत्र मात्र देणार नाही. लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. पाकिटात घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. मधलीनं जन्मात पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि आपण दोघांनी मिळून त्यावर हात ठेवायचा? मग ती बॅग घेऊन गेली तर मी तिला कुठल्या तोंडानं थांब म्हणू?

एवढंच करता येईल. मी अण्णांच्या शेजारी बसतो. काका माइकजवळ गेले, की त्यांना जरा वाऱ्यावर नेतो म्हणून चाकाची खुर्ची बाहेर काढतो. वाचन संपल्यावर आत आणतो. त्यांना काही कळणार नाही. तू मंचावर चेहरा सांभाळ, तुझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी आहे.

भीती मलाही वाटतेय.

धाकटा

दि. ३ मार्च

सौ. ताईस सा. न. आणि चि. धाकट्यास आशीर्वाद. वि. वि.

दोघांना एकच पत्र लिहितेय, कारण दोघांशी एकच बोलायचंय. संमेलनात तुम्ही होतात, पण मला मंचावरून काय दिसलं ते तुम्हाला माहीत नाही.

काका बोलायला उठले आणि धाकट्या, तू खुर्ची मागे ओढायला लागलास. अण्णांनी चांगल्या हातानं ब्रेक असा धरून ठेवला होता की तू घामाघूम झालास. मी तिसऱ्या रांगेतून बघत होते आणि मला वाटलं, याला झालंय काय! मग काका म्हणाले की एक्केचाळीस नंबरची गोष्ट संपादकांच्याच घरातली निघाली, म्हणून बक्षीस दुसऱ्या क्रमांकाला जाईल. पण परीक्षकांनी पहिली ठरवलेली गोष्ट मंचावर वाचायची, हाही नियमच आहे. ताई, तू तेव्हा माझ्याकडे जे पाहिलंस ना, जणू मी कुणाचा खूनच केला होता.

आणि त्यांनी अण्णांचं नाव घेतलं.

व्यायामाच्या बाईंनी ते कागद पोस्टात टाकले होते. लेखकाला बोलता येत नाही, म्हणून त्यांच्या मधल्या मुलीनं वाचावं अशी त्यांची इच्छा आहे, असं काकांनी सांगितलं. मला काहीसुद्धा कल्पना नव्हती. मंचावर गेले आणि धोब्याची यादी वाचावी तशी वाचायला लागले. दाढी आली. खिडकी आली. मग ते श्वासाचं वाक्य आलं आणि माझा आवाजच गेला.

ते वाक्य माझंच आहे गं ताई. मी ते कधी कुणाला बोलले नाही, देवालासुद्धा नाही. मला वाटायचं मी राक्षसीण आहे. आणि ते खाटेवर पडून, भिंतीकडे तोंड करून, माझं थबकणं आणि माझं पळत येणं दोन्ही ऐकत होते. मी खाली पाहिलं. त्यांनी ब्रेकवरचा हात सोडला आणि बोट हलवलं. पुढे वाच.

मग मी सगळं वाचलं. वस्तऱ्याच्या जागी लोक हसले, तुम्ही दोघं सोडून.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, माझा राग येत नाही का. त्यांनी कोपऱ्यातल्या बॅगेकडे बोट दाखवलं. ती कपाटावरून पडली नव्हती ताई. त्यांनीच मला काढायला लावली होती, खाणाखुणा करून. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. पुसून ठेवली आणि विसरून गेले. तू विचारलंस तेव्हा काय सांगावं कळेना, म्हणून दिलं ठोकून.

तर मी सोमवारी निघतेय. मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे, तिथे दुपारी कुणी टकटक करत नाही. धाकट्या, रजा टाक. ताई, कचेरी घरी आण, प्रुफं अण्णांना दाखव, चुका अजून त्यांनाच दिसतात. भांडण कागदावर नको, तिथेच समोरासमोर करा, त्यांची करमणूक होईल.

सुरुवात डाव्या गालापासून करायची. तोंड खिडकीकडे. उजव्या बाजूला आधी बोट, मग वस्तरा. नवा कप आणलाय, तो त्यांना आवडलेला नाही.

परत कधी येणार ते विचारू नका. अण्णांनी ते लिहिलेलं नाही, आणि त्यांच्या गोष्टीत मी लुडबूड करणार नाही.

माझा लोभ आहेच. तुमचा किती आहे ते सोमवारी सकाळी दिसेल.

तुमची,
मधली