वीज असलेली पाण्याकाठची जागा

९ जून

घरात बोलायची सोय उरली नाही, म्हणून लिहायला बसले. घर लहान, आणि ऑरिनची फुप्फुसं गेली तरी कान शाबूत आहेत. ट्रूडीशी फोनवर बोलू लागले की पलीकडच्या खोलीतून दुरुस्त्या येतात — "एवढा काही खोकलो नाही मी." पोरीला खरं सांगता येत नाही, नवऱ्याला खोटं सांगता येत नाही. कागद बरा.

विषय एकच. ऑरिनला जुलैत आठवडाभर तळ्याकाठी मुक्काम करायचा आहे, दरवर्षीसारखा. डॉक्टर म्हणाले, जा, पण ऑक्सिजनचं यंत्र रात्रंदिवस चालू राहिलं पाहिजे. यंत्राला वीज लागते. आमच्या टॅमरॅक लेकला वीज नाही, कधीच नव्हती. हातपंप, पत्र्याचा संडास, आणि जागेचे पैसे घ्यायला माणूस नाही, पाकिटात घालून दारातल्या लोखंडी नळीत टाकायचे. लग्न झाल्यापासून एक-दोन उन्हाळे सोडले तर दुसरीकडे गेलोच नाही.

"जनरेटर नेऊ," म्हणाला.

"रात्री दहानंतर जनरेटर बंद. पाटी आहे. दुसऱ्यांना ती तूच वाचून दाखवायचास."

वाद सोडून खुर्चीत टेकला. पटलं म्हणून नाही. दम लागला म्हणून.

११ जून

सरकारी पार्कात फोन केला. वीज आहे, तळं चांगलं आहे, आणि सप्टेंबरपर्यंत एकही जागा नाही. फोनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आजी, जुलैच्या जागा जानेवारीतच जातात."

मला शिकवते! खिडकीपर्यंत बर्फ असताना सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून बसायचं, सव्वाआठपर्यंत पाण्याकाठचं सगळं संपतं, हे या भागात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. ट्रूडी लहान असताना एक-दोन उन्हाळे टॅमरॅक बंद होतं, तेव्हा मीच तो फोन लावला होता. या जानेवारीत नाही लावला.

ऑरिनने आतून ऐकलंच. "जानेवारीत तू मला पुरून मोकळी झाली होतीस, मास्तरीणबाई. आता उकरून काढलंस तर जागा कुठून मिळणार?"

आणि हसला. हसताना ढास लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलले. लागणार होते त्याच्या दुप्पट सोलले.

१४ जून

स्वतः जाऊन बघायचं ठरवलं. गाडीत टेबलावरचा दिवा टाकला. प्रत्येक ठिकाणी विजेच्या खांबाला लावून बघते. "वीज आहे" या शब्दांवर माझा विश्वास नाही.

आज हायवेजवळचं. दिवा लागला, विझला, परत लागला. तळ्यावर हिरवी साय. ट्रकचा आवाज अखंड. रखवालदार म्हणाला, "सवय होते हो." मी म्हटलं, कशाची, विझायची? नापास.

येताना पेट्रोल भरताना आठवलं, सकाळपासून जेवलेच नव्हते.

१६ जून

हेरन कोव्ह. खासगी. नळ, वीज, सांडपाण्याची नळी, टीव्हीची तार, सगळं जागेवर. दवाखाना वीस मिनिटांवर. फोनला रेंज. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मी तिथेच उभी, त्या दिव्याकडे बघत राहिले. ऑफिसातली ग्लेन्डा दारातून म्हणाली, "बाई, उजेड कमी पडतोय का?"

ठिकाण मात्र! कॅम्पर, म्हणजे चाकांवरची घरं, एकमेकांना खेटून, पेटीत साबणाच्या वड्या ठेवाव्यात तसे. पाण्याकाठची पहिली ओळ सगळी कायमच्या लोकांची: मे ते सप्टेंबर इथेच मुक्काम, दारात कुंड्या, कुंपणं, घराण्याच्या नावाच्या लाकडी पाट्या. दोन पावलांवर जायचं तरी गोल्फची बग्गी काढतात.

त्या ओळीत एकच जागा मोकळी आहे, तीही आठच रात्री. त्या जागेच्या मालकीणबाई गुडघ्याच्या ऑपरेशनला जाणार आहेत. ग्लेन्डा म्हणाली, "उद्या दुपारपर्यंत सांगा. नंतर माझ्या हातात नाही."

ऑरिनला फोटो दाखवले. बराच वेळ बघितले. "पार्किंगमध्ये झाडं लावलीत," म्हणाला. "हे लोक तळ्यावर टीव्ही बघायला येतात."

"वीज आहे."

"वीज घरीही आहे."

१७ जून

ट्रूडीचा सकाळी फोन. मी अंगणात जाऊन घेतला.

"आई, बाबांना जिना चढवत नाही आणि तू त्यांना जंगलात नेतेस?"

"जंगल नाही. पार्किंगमध्ये झाडं आहेत."

"थट्टा नको. तिथे काही झालं तर तू एकटी काय करणार?"

इथे झालं तर काय करणार आहे, तेही मला माहीत नाही. हे तिला म्हटलं नाही. म्हटलं, "तुझ्या बापाने आयुष्यात एवढंच मागितलंय." ती रडायला लागली. मला फोनवरचं रडणं कळत नाही, काय करायचं असतं तेव्हा.

बारा वाजायच्या आत ग्लेन्डाला हो सांगितलं. अकरा जुलैपासून आठ रात्री.

संध्याकाळी ऑरिनने अट घातली. येईन, पण तंबूत झोपेन. आपल्या कॅम्परच्या डब्यातच झोपायचं तर इथल्या पलंगाने काय पाप केलंय? पाण्याचा आवाज कापडातून ऐकायचा आहे.

मी नाही म्हणाले. अर्ध्या तासाने परत नाही म्हणाले. मग ऑक्सिजनच्या कंपनीला फोन करून विचारलं, तुमची लांबात लांब नळी केवढी?

२७ जून

पंधरा मीटर. यंत्र स्वयंपाकघरात, नळी खिडकीतून, ऑरिन मागच्या अंगणात तंबूत. रंगीत तालीम. डॉक्टरांनी परवानगी दिली, म्हणजे खांदे उडवले.

नळीला पीळ पडला तर? कोणी पाय दिला तर? खारीने कुरतडली तर? सकाळी सहाला जाऊन बघितलं. तोंड उघडं टाकून झोपला होता, नखं गुलाबी. उठून म्हणाला, "कितव्यांदा आलीस?"

"पहिल्यांदा."

"खोटारडी. गवतावर वाट पडलीय."

१ जुलै

तंबूवर नाव टाकावं असं ऑरिन म्हणतो. कायमच्या लोकांसारखी पाटी. "रुग्णालय, शाखा दुसरी." मला हसू आलं नाही. त्याला आलं.

११ जुलै

पोचलो. कॅम्पर जागेत मागे घेणं हा माझा प्रांत कधीच नव्हता. तो चालवायचा, मी मागे उभी राहून ओरडायची, आणि दर उन्हाळ्यात त्या दहा मिनिटांत घटस्फोटापर्यंत जायचो. आज मी स्टिअरिंगवर आणि तो खुर्चीत, गळ्यात छोटा सिलिंडर. ओरडायला दम नाही, म्हणून नुसते हात. डावीकडे. आणखी. थांब. आरशात तेवढे दोन हात दिसत होते. पहिल्या झटक्यात बसली गाडी. सगळी ओळ खुर्च्या टाकून बघत होती. इथे नवा माणूस गाडी लावतो ती संध्याकाळची करमणूक असते.

शेजारचा लोवेल आला. बसएवढी घरगाडी, त्याहून मोठं पोट. "वा बाई! आमची ही तीन झाडं पाडते." मग नळी बघितली, कॅम्परच्या खिडकीतून निघून तंबूत गेलेली. "अरेच्चा. नवऱ्याला दाव्याला बांधलंय?"

माझा चेहरा बघून तो वरमला. पण ऑरिन तंबूतून म्हणाला, "पहिल्या दिवसापासून बांधलंय. आता दोर दिसायला लागला, एवढंच."

१२ जुलै

झोप नाही. यंत्र माझ्या उशाशी घरघरतं. थांबलं तर शिट्टी मारतं, म्हणून मी शिट्टीची वाट बघत पडते. तंबू पाण्यापासून चार पावलांवर. मला इथून दिसतो, पण तो श्वास घेतोय का ते दिसत नाही.

नळीवरून सायकली जातात. दोन खुर्च्या आडव्या लावल्या. लोवेलच्या बायकोने त्यांना लाल फडकं बांधलं, न विचारता. शेकोटी आमच्या जागेत नाही — ऑक्सिजनजवळ ठिणगी नको. लोवेलही आपली पलीकडे नेऊन पेटवतो.

ऑरिन दिवसभर पाण्यात पाय सोडून बसला. खाल्लं अर्धंच. विचारलं, कसं वाटतंय? म्हणाला, "परीक्षा घेऊ नकोस."

१४ जुलै

जे व्हायला नको होतं ते झालं. दुपारी उन्हाचा कहर. प्रत्येक कॅम्परचा एसी घों घों करत होता. आणि एकदम सगळं शांत. मग यंत्राची शिट्टी.

सिलिंडर कुठे आहे, किल्ली कुठे आहे, सगळं पाठ होतं. हात नीट चालले. तंबूत रांगत शिरले. यंत्राची नळी काढून सिलिंडरची लावली. ऑरिनचे ओठ निळसर. माझ्या केसांतून हात फिरवून म्हणाला, "श्वास घे गं. तू घे."

लोवेल अनवाणी आला. काय झालं ते मी सांगितलं, बहुतेक ओरडूनच. तो बग्गीत बसून निघाला आणि ओळभर त्याचा आवाज: "एसी बंद करा रे सगळे! सातव्या जागेतल्या माणसाला वीज प्यायला लागते! हो मॅज, तुझासुद्धा! कुत्र्याला तळ्यात टाक!"

ग्लेन्डाने जास्त भाराने पडलेला खटका परत वर केला तेव्हा एकाही कॅम्परचा एसी सुरू झाला नाही. सगळी ओळ, कुंड्यांवाली, पाट्यांवाली, खुर्च्या उचलून पाण्यात जाऊन बसली. घोट्यापर्यंत पाण्यात, घाम पुसत, शीतपेयं हातात. आमच्याकडे कोणी बघत नव्हतं. मुद्दाम बघत नव्हते.

"पार्किंगवाले बरे आहेत," ऑरिन म्हणाला.

मी कॅम्परमध्ये जाऊन दार लावून घेतलं. थोडा वेळ लागला.

१५ जुलै

एसी अजून जवळजवळ बंदच. लोवेल म्हणतो, एका वेळी एकाच कॅम्परचा, अशा पाळ्या लावल्यात. मी बंद ठेवा म्हटलेलं नाही, आभारही धड मानलेले नाहीत. त्याच्या बायकोला म्हटलं, तुम्हाला उकडत असेल. ती म्हणाली, "उकडतंय ना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा हा मला पोहायला घेऊन गेला."

तरी यंत्राजवळून हलवत नाही. सिलिंडर परत परत बघते. भरलेलेच असतात.

ऑरिन म्हणाला, "रात्री तंबूत ये."

"यंत्राकडे कोण बघणार?"

"शिट्टी आहे त्याला. बोलावेल तुला. मला शिट्टी नाही, म्हणून आत्ता बोलावतोय."

उद्या बघू म्हटलं. त्याने मान हलवली, पाण्याकडे बघत.

१६ जुलै

आज जाते तंबूत. त्याने दुपारीच माझ्यासाठी गादी सरकवून ठेवली. एवढ्याने दमला. रागावले. मग उशी नेऊन ठेवली.

१७ जुलै

सहाला जाग आली. रात्रभर झोपले होते, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा. यंत्र चालू होतं. वीज गेली नव्हती. नळीला पीळ नव्हता.

ट्रूडी निघाली आहे. दुपारपर्यंत पोचेल.

अंत्यविधीच्या माणसाच्या स्वाधीन: ऑरिन. चष्मा. निळा सदरा, धुतलेला.

ग्लेन्डाच्या स्वाधीन, कंपनीचा माणूस उद्या नेईल: यंत्र एक. सिलिंडर, भरलेले, सगळे. नळी, गुंडाळून.

मंगळवारपर्यंतच्या दोन रात्री उरल्या आहेत. ग्लेन्डा हळूच म्हणाली, जागेसाठी थांबलेले लोक आहेत, हवं तर देऊन टाकू. जागा आमची आहे. दिली नाही.