साडीला आडनाव नसतं

१० एप्रिल, गुरुवार

आजपासून नियम. क्लायंटचं सामान वापरायचं नाही. एक टाचणीसुद्धा नाही.

गणपतीत एका मंडळाने स्वतःची लाइटची माळ आणून दिली, ऐन आरतीत फ्यूज उडाला आणि अंधारात शिव्या मला पडल्या. आता बस. नियम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घरच्या आरशावर चिकटवला. आरसा लहान आहे, त्यामुळे दाढी करताना फक्त उजवा गाल दिसतो. डावा अंदाजाने करतो.

पाटीही बदलायची. 'बन्सी मंडप' नको, 'बन्सी इव्हेंट्स'. मी तीन दिवसांचा ऑनलाइन कलर कोर्स केला आहे. अख्ख्या मानवतमध्ये रंगाची दृष्टी असलेला दुसरा माणूस आहे का, असं विजयमालेला विचारलं. बायको म्हणून नव्हे, तटस्थ माणूस म्हणून. ती म्हणाली, असंल एखादा.

१२ एप्रिल, शनिवार

वालूरला जाऊन आलो. धुरपदाबाईंच्या मुलीचं लग्न, वीस तारखेला, घरापुढच्या वावरात. मुलगा बोरीचा. मुलाची आई पंचफुलाबाई नंतर बोरीत रिसेप्शन ठेवणार आहे. वालूर चांगलं झालं की बोरी माझी. बोरी मिळाली की मी इव्हेंटवाला. नाही मिळाली तर जन्मभर मंडपवाला.

धुरपदाबाईंना माझे पडदे दाखवले. त्यांनी ते नाकाशी धरले. म्हणाल्या, याला उंदराचा वास यायलाय. त्यापरीस आमच्या पेटीत लय साड्या पडून हायत, घडी बी मोडली न्हाई, त्याच लावा.

मी नियम सांगितला. ठामपणे.

संध्याकाळी.

साड्यांची दोन गाठोडी घेऊन आलो. विचार केला, सामान म्हणजे काय? खांब, वायर, खुर्च्या. साडी ही भावना आहे. नियमात भावनेचा उल्लेख नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

दुकानात साड्या उलगडल्या. रामहरी मदतीला होता. खांब रोवणं, शिडी धरणं आणि मला नावं ठेवणं ही तिन्ही कामं तो एकटा करतो.

दुपारी विजयमालेचा फोन. म्हणाली, पेटीतल्या साड्या म्हंजे आहेराच्या. कुणाकुणाच्या आलेल्या असत्यात. कोणती कुणाची ते इचारून घ्या. मी म्हणालो, साडीला आडनाव नसतं, फक्त रंग असतो. वाक्य चांगलं जमलं. पाटीखाली टाकता येईल.

मोरपंखी आणि डाळिंबी स्टेजच्या मागे. पिवळ्या प्रवेशद्वाराला. सगळं बसलं. एक साडी मात्र बघवेना. रंग बटाट्याच्या सालीचा, वर शेवाळी ठिपके. असली साडी विणणाऱ्याचं एक वेळ समजू शकतो, पण दुकानात जाऊन, चांगल्या उजेडात, स्वतःच्या हाताने निवडणाऱ्याचं काय करावं? त्या माणसाला रंगाच्या दुकानावरून चालतही जाऊ देऊ नये. ही हात धुवायच्या जागेला, बेसिनमागे. तिथे कोण बघतं.

१९ एप्रिल, शनिवार

वालूर. ऊन बेफाम. रामहरी म्हणाला, साड्या दोरीनं बांधू, टाचण्यानं भोकं पडतील. मी टाचण्याच मारायला लावल्या. चुण्या टाचणीशिवाय बसत नाहीत. आणि भोक एवढंसं असतं.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ९

स्टेज अप्रतिम. मोबाइलवर वीस-पंचवीस फोटो काढले. विजयमाला एसटीने आली. चांगली तयार होऊन आली होती. कोणती साडी नेसली ते बघायला वेळ नव्हता, मी फुलांत होतो.

११ वाजता

स्टेजसमोर बायका जमल्या आहेत. बोटं दाखवत आहेत. कौतुक असावं.

११.१०

कौतुक नव्हतं. धुरपदाबाईंची नणंद म्हणाली, ही मी वास्तुशांतीला दिलती. नेसायला दिलती, टांगायला न्हाई. त्यांची मावसबहीण याच्या उलट. तिची साडी कुठेच लावलेली नव्हती. आमची टांगायच्या बी लायकीची न्हाई का, असं तिचं म्हणणं. मी समजावलं की एका थीममध्ये सगळ्यांना जागा देता येत नाही. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

संध्याकाळी, टेम्पोत.

आता सविस्तर.

पंचफुलाबाई पोहे खाऊन हात धुवायला गेल्या. ती बटाट्याची साल त्यांनीच साखरपुड्यात धुरपदाबाईंना नेसवली होती. आणि तोपर्यंत निम्म्या वऱ्हाडाने तिला हात पुसले होते.  पंचफुलाबाई सरळ जाऊन गाडीत बसल्या, काच वर केली, आणि मुलाला बोलावणं पाठवलं. मुहूर्त अर्ध्या तासावर. मुलगी हळदीच्या अंगाने खोलीत रडत होती, तिचा आवाज मांडवात ऐकू येत होता. 

धुरपदाबाईंनी मला कणगीमागे ओढलं. म्हणाल्या, विहीणबाईंनी माझी साडी कुठं हाय म्हणून इचारलं तर मी पेटीत हाय म्हनते. तुमी समद्या साड्या तुमच्या हायत म्हणून सांगा. नणंदही गप्प राहायला तयार झाली. पोरीचं लग्न सगळ्यांनाच हवं होतं.

मी माइक घेतला. सदर सर्व वस्त्रं बन्सी इव्हेंट्सच्या मालकीची आहेत, असं जाहीर केलं. मग रंगसंगतीवर थोडं बोललो. मग आमच्या पुढच्या योजनांवर. बोलत असतानाच गाडीचं दार उघडलं. पंचफुलाबाई खाली उतरल्या. अक्षता पडल्या.

शब्दांत ताकद असते. बोरी आपलीच.

विजयमाला न जेवता निघून गेली. उन्हामुळे असेल.

२२ एप्रिल, मंगळवार

साड्या परत करायला वालूरला गेलो. धुरपदाबाईंनी डाळिंबी साडी उन्हात धरली. उजेड पलीकडून आला, ठिकठिकाणी. म्हणाल्या, ही काय चाळणी केलाव? आता तुमच्याच ना समद्या? ठिवा मग तुमालाच. आमाला नव्या आणून द्या.

गाठोडी परत दुकानात. चांगली बाजू बघायची म्हटलं तर आता आपला स्वतःचा स्टॉक झाला.

२३ एप्रिल, बुधवार

विजयमाला दोन दिवस कमी बोलते आहे. कलाकाराला शांतता लागते हे तिला अखेर कळलं असावं.

२५ एप्रिल, शुक्रवार

पंचफुलाबाईंचा फोन. बोरीचं काम परभणीच्या एका डेकोरेशनवाल्याला दिलं. मी कारण विचारलं. म्हणाल्या, तुमी बायकूच्या साड्या हात पुसायला लावता म्हणं. आमच्या घरी असलं चालत न्हाई.

साफ खोटं. बायकोच्या साडीला मी आजवर हात लावलेला नाही. तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्येच तर म्हणायलेय, आणि फोन ठेवला. अर्थ लागला नाही. रामहरीला लागला असावा, तो शिडीमागे हसत होता.

२६ एप्रिल, शनिवार

घरी आलो तर मोरीला नवा पडदा. बटाट्याच्या सालीचा, शेवाळी ठिपके.

डोकंच फिरलं. दुकानातल्या गाठोड्यातनं हीच साडी उचलून आणायची गरज होती का, असं मोठ्याने विचारलं. हा रंग माझ्या घरात नको. हा ज्याने निवडला तो आंधळा आहे.

विजयमाला भाकरी थापत होती. मान वर न करता बोलली. ही गाठोड्यातली न्हाई, माझी हाय. दिवाळीच्या पाडव्याला तुमी आणली, परभणीहून. मी काय बी न इचारता तुमीच म्हणालाव, हा रंग सध्या पुण्यात लय चालतो. चांगली म्हणून तेवढीच हाय, म्हणून लग्नाला नेसले होते. धुरपदाबाईंनी मला हाताला धरून गाडीपाशी नेलं. काचेतून विहीणबाईंना पदर दाखवला. म्हणाल्या, बघा, डेकोरेशनवाल्याची बायको बी तीच नेसलीय, त्यो माल त्यांचाच हाय. समद्या हसल्या. तवा उतरल्या त्या.

मी म्हणालो, पण माझं माइकवरचं भाषण?

ती म्हणाली, लाइट गेलती. माइक बंद होता.

भाकरी तव्यावर टाकून तिने ती फिरवली. मी तिथेच पाटावर बसलो. लाज वाटली. एवढ्या बायकांत ती पदर दाखवत उभी होती आणि मी रंगसंगतीचं नि पुढच्या योजनांचं बोलत होतो, तेही बंद माइकवर. पाडव्याला ओवाळून झाल्यावर ती साडी हातात घेऊन छान हाय म्हणाली होती, ते आत्ता आठवलं. छान नव्हती.

 पडद्याच्या चुण्या एका बाजूला वाकड्या पडल्या होत्या. निदान त्या तरी सरळ कराव्यात म्हणून उठलो.

विजयमाला म्हणाली, हात लावू नका. क्लायंटचं सामान हाय.