धुक्यातली हाक

चँडलार नदीकाठ, २० मे १९८५

चि. टायटस यास मायराताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तेलवाल्यांच्या मोजणी-तुकडीत अस्वलांपासून राखण करतोस म्हणे! कुत्रं भुंकलं की माझ्या पाठीशी लपणारा तू! हसू आलं, पण तळाचं ठिकाण वाचलं आणि ते मावळलं. अरे, तुमचा तळ आहे तिथूनच कॅरिबू हरणांचा विणीचा माळ सुरू होतो. आजीच्या काळी उपासमारीत माणसं गेली, लोकांनी कातडी उकळून खाल्ली, पण आपल्यातल्या कुणी त्या माळावर पाऊल टाकलं नाही. पाडसंच जगली नाहीत, तर पुढे गावाकडे कळप यायचा कुठून आणि आपण खायचं काय?

तू शहरात कामाला आहेस असं आईला सांगितलंय. खोटं बोलताना माझी जीभ अडखळते रे. परत ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
ताई

समुद्राकडचा तळ, ५ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

विणीच्या दिवसांत माळावर जायचं नाही, असं आमच्या तुकडीच्या साहेबानं कबूल केलं होतं. काल म्हणाला, नुसत्या मोजणीच्या खुंट्या ठोकून येऊ. निम्म्या वाटेत धुकं उतरलं. कळप जवळ नाही ना, हे कळावं म्हणून मी मामानं शिकवलेला कॅरिबूचा हुंकार दिला, शिकारीत देतो तसा. सवय गं, दुसरं काय! चहूबाजूंनी उत्तरं आली. ताई, आम्ही कळपाच्या मधोमध उभे होतो.

धुकं विरळ झालं तसं आम्हाला न्यायला हेलिकॉप्टर आलं आणि कळप उधळला. एक ओलं पाडस तेवढं राहिलं आणि माझ्यामागे चालू लागलं. माझ्या पायाला तोंड घासून दूध शोधत होतं. बाकीचे फोटो काढत होते. आपण दिसलो नाही तर त्याची आई परतेल म्हणून मी आडवा पडून राहिलो. त्यांनी मला उचलून हेलिकॉप्टरमध्ये घातलं. वरून पाहिलं, तर ते तिथंच उभं होतं. 

तुझा,
टायटस

चँडलार नदीकाठ, १० जून

चि. टायटस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आईनं हातातून ओढून घेतलं. वाचून रागावली नाही, नुसती खिडकीशी जाऊन बसली. त्याचीच मला जास्त भीती वाटते. म्हणाली, पगारबिगार राहू दे, पोराला विमानात बस म्हणावं.

आणखी एक. मामाच्या सायलसलाही तुझ्या साहेबाचा निरोप आलाय. जनावरांचं काहीतरी काम आहे म्हणे. पुढच्या टपालाच्या विमानानं निघतोय. स्वारी खुशीत आहे, कालपासून बूट घासतेय. कसलं रे काम?

काळजीत,
ताई

समुद्राकडचा तळ, १४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता मिळालं आणि तसाच लिहायला बसलो. साहेबानं परवा मला बोलावलं होतं. म्हणाला, हुंकार देत पुढे चालायचं आणि कळप डोंगरापलीकडे न्यायचा. सरकारी पाहणीला माणसं येतील तेव्हा माळ रिकामा दिसला पाहिजे. रिकामा दिसला की खोदायला मोकळे. मी म्हणालो, मधे नदी फुगलीय, इवली पाडसं बुडून मरतील. तो म्हणाला, जमत नसेल तर राहू दे, दुसरा माणूस येतोय. तो सायलस असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

ताई, सायलसच्या हाकेला माणसंसुद्धा फसतात. पाडसं तर त्याच्या मागे सरळ पाण्यात उतरतील. त्याला सांग, आईला सांग, मामाला धावपट्टीवर उभा कर, पण त्याला चढू देऊ नकोस. इथला बोलायचा रेडिओ साहेबाच्या खोलीत कुलपात आहे. म्हणून हे पत्र टपालाच्या विमानाच्या पायलटच्या हातात देतोय. सायलसला न्यायला तोच तुमच्याकडे येतोय, आणि तो तिथं फार थांबत नाही.

तुझा,
टायटस