हिमरू एडिशन, माप नऊ

५ एप्रिल, शनिवार
संपली. हिमरू एडिशन संपली. अकराला ॲपवर सेल उघडला आणि चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत 'सोल्ड आउट'. आपल्या शहराचं हिमरू कापड लावलेला बूट, अख्ख्या देशात मोजकेच जोड, आणि नेले कोणी? दलालांनी! दुपारी तोच बूट तिप्पट भावानं विकायला हजर. शी! अक्षरशः शिसारी आली. जेवण गेलं नाही. (संध्याकाळी नान-खलिया खाल्ला, पण रागातच.)
संकल्प: आजपासून रिसेलर लोकांशी संबंध बंद. त्यांच्या हातचा चहासुद्धा नाही.

७ एप्रिल, सोमवार
चिकलठाण्याला कंपनीत सुदर्शनशी भांडण. हा माझ्याच क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये बसतो आणि साइडला बूट घेऊन चढ्या भावानं विकतो. तेही उजळ माथ्यानं! मला म्हणतो, तुझा भाऊ अद्रक धरून ठेवतो आणि भाव आला की विकतो, मग मी काय वेगळं करतो? मी म्हणालो, माझा भाऊ अद्रक पिकवतो, तू काय पिकवतोस? उठून बाहेर गेला. (तेवढ्यात त्याला फोन आला, पण पळालाच म्हणायचा.)
व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव 'दलालमुक्त पाय'. ॲडमिन मी. सुदर्शनलाही घेतलं, सुधारला तर सुधारला.
संध्याकाळी शिवमचा फोन. धाकटा भाऊ माझा, पिशोरला शेती बघतो, १८ मेला लग्न आहे त्याचं. लाजत लाजत म्हणाला, दादा, तो हिमरूवाला बूट भेटंल का रे, लई आवडला, रिसेप्शनला घालीन म्हणतो, पैशे मी देतो, माप नऊ. आयुष्यात या पोरानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. मी म्हणालो, दादा आहे ना.

९ एप्रिल, बुधवार
बूट कंपनीनं थोडे जोड बाजूला ठेवलेत म्हणे, त्यांचा ड्रॉ काढणार. एका माणसाला एकच एंट्री. चांगला नियम. दलालांची तोंडं बंद.
माझी एंट्री भरली. बायकोची भरली. आईची, सासऱ्यांची, सासूबाईंची, बायकोच्या दोन्ही मावशांची भरली. प्रेरणा म्हणाली, दलाल वेगळं काय करतात? बायकोला हे समजावणं अवघड आहे. ते कॉम्प्युटरचे बॉट वापरतात. हे कुटुंब आहे.

१२ एप्रिल, शनिवार
लागला! लागला! लागला! सासूबाईंच्या नावावर. जोड क्रमांक २१२, माप नऊ. सासूबाईंना कळवलं तर म्हणाल्या, मला कशाला बाई बूट.
शिवमला अजून सांगत नाही. सरप्राइज.

१६ एप्रिल, बुधवार
बॉक्स आला. काय सांगू! जांभळ्या हिमरूवर सोनेरी वेलबुट्टी. आत जोडाचा नंबर धाग्यानं विणलेला. तीनदा झाकण लावलं, तीनदा काढलं. धुतलेले मोजे घालून गादीवर उभा राहिलो, फक्त फोटोसाठी. मला दहा नंबर लागतो, त्यामुळं अंगठा दुमडला, पण फोटोत अंगठा दिसत नाही. आई लग्नाच्या खरेदीसाठी गावाकडून आलीय, ती दारात उभी राहून म्हणाली, लई शोभतोय बाबा तुला.
सुदर्शनला भाव विचारला. फक्त माहितीसाठी. चौपट झालाय. किती खालच्या थराला गेलाय हा बाजार!

१८ एप्रिल, शुक्रवार
विचार केला. शिवम वावरातला माणूस. रिसेप्शन झालं की हाच बूट घालून पाटाच्या चिखलात उतरणार. हिमरू चिखलात? कारागिरांना काय वाटेल? मी शिवमचा भाऊ आहे हे खरं, पण या शहराचाही कुणीतरी आहे.
शिवमचा फोन आला. सांगितलं, माझा नंबर लागला नाही. हे शंभर टक्के खरं आहे. नंबर सासूबाईंचा लागला. तो म्हणाला, राहू दे दादा, तू ट्राय केलंस हेच लई झालं. किती समजूतदार पोरगा. बॉक्स माळ्यावर गव्हाच्या कोठीमागं ठेवला.
ग्रुपवर मेसेज टाकला: 'हिमरू, माप नऊ. योग्य पायांच्या शोधात. ही विक्री नव्हे, हस्तांतरण आहे. रास्त भावातच, एक पैसा कमी नाही.' रास्त भाव चौपट ठेवला, म्हणजे दलाल आपोआप लांब राहतील.

२१ एप्रिल, सोमवार
माणसं किती नीच असतात ते बूट विकायला, म्हणजे हस्तांतरित करायला काढल्यावर कळतं. एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, डब्यावरची किंमत देतो, वर पेट्रोलचे देतो, सर मला खरंच घालायचाय. घालायचाय म्हणे! सगळे असंच म्हणतात. ब्लॉक. दुसरा तिप्पट द्यायला तयार झाला. जो तिप्पट देतो तो नक्की चौपटीनं विकणार. ब्लॉक. सगळीकडं घाण माजलीय.
त्यात ॲसिडिटी. स्कूटर दोनदा पंक्चर. प्रमोशन दुसऱ्याला. आईपुढं कुरकुर केली तर तिनं लगेच पिशोरच्या महाराजांना फोन लावला. मेष रास, साडेसाती लागलीय म्हणे. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. किती दिवस राहते तेवढं विचारलं.
प्रेरणा तीन शब्द बोलून आत गेली: भाऊजींना देऊन टाका. तिला व्यवहारातलं कळत नाही.

२६ एप्रिल, शनिवार
कंपनीत ओव्हरटाइम. शिवम बस्त्यासाठी गुलमंडीला आला होता, कपडेलत्ते घेऊन घरी डोकावून गेला. मी पोचेपर्यंत निघाला होता. आईला म्हणे गाडीवर बसवून कुठल्याशा देवळात नेऊन आणलं. गुणी पोरगा. आणि बूट त्याच्या नजरेला पडायचा प्रश्नही मिटला. एकूण दिवस चांगला.

२७ एप्रिल, रविवार
बूट नाही!!
बॉक्स आहे, बूट नाही. आईला विचारलं तर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, शनीला सोडून आले. शनिवारी देवळाबाहेर चप्पल सोडायची, मागं वळून न बघता निघायचं, साडेसाती तिथंच राहते. मी ओरडलो, अगं पण नवा बूट? ती म्हणाली, देवाला फाटकं देतेत व्हय? ज्याची पीडा त्याच्या पायात गेलेला जोड लागतो, तू गादीवर घालून नाय का उभा राहिलास, मग तुझाच की तो. आणि गहू काढताना समोर आला म्हणजे देवाच्याच मनात होतं.
तसाच स्कूटर काढून देवळात गेलो. बाहेर सोडलेल्या चपलांचा ढीग, सगळीकडं तेल, माश्या. माझा जोड गायब. नाकाला रुमाल लावून ढीग दोनदा उपसला. देवाला सोडलेली वस्तू उचलून नेणारी माणसं असतात या जगात! (मी सुद्धा उचलायलाच गेलो होतो, पण माझी गोष्ट वेगळी.)
आईशी बोलणं बंद. दुपारी तिनं पुरण घातलं म्हणून चालू केलं.

३० एप्रिल, बुधवार
शिवमला फोन केला, मंडपवाल्याचं विचारायला. हो, नाही, बरं, एवढंच बोलला. नेहमी 'दादा दादा' करून डोकं खातो. लग्नाचं टेन्शन असणार. तब्येत सांभाळ म्हणालो.

५ मे, सोमवार
माझ्याच ग्रुपवर, मीच ॲडमिन असताना, सुदर्शनची पोस्ट: 'हिमरू, माप नऊ, जोड २१२. बॉक्स नाही. किंचित तेलाचे डाग.' रस्त्यावर जुने बूट विकणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून उचलला म्हणे. मी कँटीनमध्ये गाठला. म्हणालो, बूट माझा आहे. तो म्हणाला, बिल दाखव. बिल सासूबाईंच्या नावावर. मग त्यानं फोन काढला आणि माझाच मेसेज मला वाचून दाखवला. रास्त भावातच, एक पैसा कमी नाही. भाव तूच ठरवलास, म्हणाला.
घेतला. माझाच बूट मी चौपट भावानं विकत घेतला. आयुष्यात इतका विटलो नव्हतो. पण विचार केला तर वाईट नाही. जोड आता एकदा बाजारातून फिरून आलाय, शिवाय देवळाचा स्पर्श. पाचपट सहज.

८ मे, गुरुवार
बूट कंपनीची घोषणा: मागणी पाहता हिमरू पुन्हा येणार. ड्रॉ नाही, मर्यादा नाही, सगळ्या मापांत, डब्यावरच्या किमतीत. भाव धाडकन पडला. आता डागाळलेला जोड कोणी फुकट नेणार नाही. सुदर्शनकडं एकही शिल्लक नाही. या दलालांना आतून सगळं कळतं. सडका धंदा, सडकी माणसं. थू!

९ मे, शुक्रवार
आज सकाळी अचानक शिवमची आठवण दाटून आली. लहानपणी माझे जुने बूट पुढं कापूस कोंबून घालायचा, कधी तक्रार नाही. बाजार, भाव, ग्रुप, सगळं फोल आहे. शेवटी माणसाला भाऊच. ठरलं! हिमरू शिवमलाच द्यायचा. खरं तर पहिल्यापासून हेच ठरलं होतं. प्रेरणाला सांगितलं. ती कपाळाला हात लावून आत गेली. भारावली असावी.

१७ मे, शनिवार
टाल्कम पावडर, बेसन, शाम्पू, लिंबू, सगळं करून झालं. डाव्या टाचेवरचा डाग फिका पडलाय, वास मात्र जाईना. मोगऱ्याची अगरबत्ती आत ठेवून रात्रभर बॉक्स बंद केला. आता तेल आणि मोगरा. नवरदेवाला चालून जातं.
आईला कळू दिलं नाही. उगाच शंका काढत बसेल.

१९ मे, सोमवार
काल शिवमचं लग्न झालं.
लिहायचं नव्हतं. पण रोजनिशी आहे, लिहितो.
रिसेप्शनला स्टेजवर गेलो. अँकरच्या हातातून माइक घेतला. म्हणालो, या देशात दलालांनी माणसाची हौस विकायला काढलीय, पण त्यांच्या जबड्यातून मी माझ्या भावासाठी हा जोड खेचून आणलाय. टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. शिवमनं बॉक्स उघडला. बूट हातात घेतला, टाच वळवून बघितली, आत बोट घालून नंबर बघितला.
तेवढ्यात आई पुढं आली. वास आला असणार तिला. माइक माझ्या हातात चालूच होता. अख्ख्या लॉन्सनं ऐकलं. म्हणाली, अरे मुडद्या, हा तर मी शनीला सोडलेला! तुझी साडेसाती नवरदेवाच्या पायात घालतोस व्हय? नवरी दोन पावलं मागं सरकली. तिचा बाप खुर्चीतून उठला.
मी म्हणालो, गैरसमज होतोय, हा वेगळा जोड आहे. तेव्हा शिवमनं माझ्या हातातला माइक बंद केला आणि हळूच म्हणाला, दादा, आईला गाडीवर मीच नेलं होतं. तिनं पिशवीतनं काढला तेव्हाच नंबर बघितला मी. आन् माप बी. नऊ. तुला तर दहा लागतो.
मला कधीच काही सुचायचं थांबत नाही. काल थांबलं.
मग त्यानं झाकण नीट लावून बॉक्स माझ्या हातात दिला आणि वाकून माझ्या पाया पडला. फोटोग्राफर थांबला होता. त्याच्या पायात साधे काळे बूट होते, बस्त्यात घेतलेले.
येताना भाड्याच्या गाडीत प्रेरणा शेजारी बसली होती. मी दोनदा म्हणालो की सुदर्शनमुळं झालं सगळं. तिनं खिडकीची काच वर केली.

२४ मे, शनिवार
'दलालमुक्त पाय' ग्रुप बंद केला. तसेही सगळे आधीच निघून गेले होते.
हिमरू घालून देवळात गेलो. विश्वास नाही माझा, पण घरात तो बॉक्स बघवत नाही. बाहेर काढून ठेवला आणि मागं न बघता निघालो. तेल विकणारा हाक मारत मागं आला. म्हणाला, साहेब, हा जोड मागल्या महिन्यात आलता, तेलाचा डाग मीच पाडला, चुकून. एकदा सोडलेला परत आणून सोडत नसतेत, घेऊन जा. मी म्हणालो, ठेवा हो, कुणीतरी नेईल. तो म्हणाला, लोकायला बी कळतं साहेब.
तोच घालून पायीच परत निघालो. क्रांती चौकापर्यंत येईतो अंगठा सोलला. तिथं कठड्यावर बसून शिवमला फोन लावला. वाटलं उचलणार नाही. उचलला. बोल दादा, म्हणाला.
बरंच काही बोलायचं ठरवून लावला होता फोन. ऐनवेळी तोंडातून निघालं, नवा स्टॉक आलाय रे हिमरूचा, माप नऊ आहे, मागवू का, डब्यावरच्या किमतीत.
तो म्हणाला, नको दादा, अद्रकीची लागवड चालू हाय, वावरातच हाय मी, पायात काहीच नाय. बरं, म्हणालो. मग त्यानं फोन ठेवला.